टांबूचा मका आणि झिम्बाब्वे

शिक्षक-पालक मित्रहो, झिम्बाब्वे म्हटलं की आपल्याला क्रिकेटच आठवतं ना? मग त्सित्सी डांगारेम्ब्गा यांची 'नर्व्हस कंडिशन्स' (१९८८) ही कादंबरी जरूर वाचा. काळ १९६० च्या दशकातला. देशाचं नाव तेव्हा ऱ्होडेशिया, सत्ता गोऱ्यांची. घरात फीचे पैसे जेमतेम भावापुरते, म्हणून छोटी टांबू स्वतः मका पिकवते. कणसं चोरीला जातात. चोर कोण, तर सख्खा भाऊ! शेवटी गुरुजी तिला कणसं विकायला शहरात नेतात आणि तिथे एक गोरी बाई दहा पौंड देते. पैसा कोणाकडे होता, शाळेत आधी कोण जाणार, हे एवढ्या प्रसंगातच कळतं. भूगोलाच्या धड्यात ते येत नाही. देश १९८० मध्ये स्वतंत्र झाला, ही ओळ मुलांना यानंतर सांगून पाहा. (कादंबरी मोठ्या मुलांनाच द्या हं; चौथीला मक्याची गोष्ट पुरे.)