यजमान कुटुंबातील वास्तव्य आणि जर्मन भाषेचे शिक्षण

जर्मन शिकण्यासाठी जर्मनीत जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढे निवासाचे जे पर्याय असतात, त्यांपैकी स्थानिक कुटुंबाच्या घरी राहणे हा पर्याय भाषेच्या दृष्टीने सर्वांत लाभदायक समजला जातो. अशा कुटुंबाला तेथे ‘गास्टफामिली’, म्हणजे यजमान कुटुंब, असे म्हणतात. मात्र घर मिळाले की भाषा आपोआप येईल, ही अपेक्षा योग्य नाही. त्या घराच्या दिनक्रमात विद्यार्थी किती सामील होतो, यावरच या वास्तव्याचे फळ अवलंबून असते.

या वास्तव्याचे प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात. भाषावर्गाला जाणारा प्रौढ विद्यार्थी पैसे देऊन घरात खोली घेतो; शालेय विनिमय योजनेतील मुलामुलींना कुटुंब बहुधा मोबदला न घेता ठेवून घेते; आणि ‘ओ पेअर’ व्यवस्थेत तरुण व्यक्ती मुलांची देखभाल व हलके घरकाम करते आणि तिच्या राहण्या-जेवण्याची सोय कुटुंब करते. या तिसऱ्या प्रकारासाठी जर्मनीत नियम ठरलेले आहेत: अर्जाच्या वेळी वय २७ वर्षांहून कमी असावे लागते, जर्मनचे प्राथमिक ज्ञान लागते, काम आठवड्याला ३० तासांहून अधिक देता येत नाही आणि कुटुंबाने दरमहा २८० युरो हातखर्चाला व ७० युरो भाषावर्गासाठी द्यायचे असतात.

केवळ सहवासाने भाषा येत नाही, याला अभ्यासाचाही आधार आहे. रशियात रशियन शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांविषयी विल्यम रिव्हर्स यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, यजमान कुटुंबात राहिलेल्यांची बोलण्यातील प्रगती वसतिगृहात राहिलेल्यांपेक्षा अधिक असल्याचे दिसले नाही. जेवण आटोपून खोलीचे दार लावून घेणाऱ्या आणि संध्याकाळ मायदेशाशी फोनवर बोलण्यात घालवणाऱ्या विद्यार्थ्याला जर्मन घर आणि भाड्याची खोली यांत भाषेच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही, हे सहज समजण्यासारखे आहे.

म्हणूनच घराची शिस्त आरंभीच समजून घेणे आवश्यक ठरते. दीर्घ मुक्कामासाठी राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात आणि तिच्यासाठी घर देणाऱ्याचे लेखी प्रमाणपत्र लागते. रात्री साधारण दहा ते सकाळी सहा हा शांततेचा काळ मानला जातो. रविवारच्या विश्रांतीला तर राज्यघटनेचे संरक्षण आहे, कारण १९१९ च्या वायमार घटनेतील त्याविषयीचे कलम १९४९ च्या मूलभूत कायद्यात कायम ठेवण्यात आले. त्यामुळे बहुतेक दुकाने त्या दिवशी बंद असतात आणि वाणसामान शनिवारीच आणून ठेवावे लागते. ओला कचरा, कागद, वेष्टने आणि उरलेला कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकला जातो, तर काचेच्या टाकाऊ बाटल्या रंगांनुसार वेगळ्या कराव्या लागतात. अनेक घरांत रात्रीचे जेवण ‘आबेंडब्रोट’, म्हणजे पाव, चीज आणि थंड मांसाचे काप असे असते. गरम भात-भाजीची सवय असलेल्या, विशेषतः शाकाहारी, विद्यार्थ्याने आपला आहार आणि स्वयंपाकघर वापरण्याची मुभा यांविषयी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलणे हिताचे असते. स्पष्ट विचारणे तेथे उद्धटपणाचे मानले जात नाही. उलट संकोचाने गप्प राहण्यामुळे गैरसमज वाढतात.

संबोधनाचा प्रश्नही याच ओघात येतो. जर्मनमध्ये परक्या प्रौढाला आदरार्थी ‘झी’ आणि जवळच्याला ‘डू’ म्हणतात. यजमानांनी ‘डू’ म्हणण्यास सुचवल्यावर वडीलधाऱ्यांना एकेरी संबोधणे मराठी मनाला जड जाते, परंतु त्यानंतरही ‘झी’ला धरून राहिल्यास घरात अकारण अंतर निर्माण होते.

घराचे खरे शैक्षणिक मूल्य जेवणाच्या टेबलावर दिसून येते. जर्मनमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत, मात्र ती एकमेकांशी जुळतीलच असे नाही: तेथे चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी आहे. ही लिंगे पाठ करून क्वचितच टिकतात. वस्तू मागताना, देताना आणि आवरताना तेच शब्द रोज कानावर पडले, म्हणजे ती अंगवळणी पडतात. गौण वाक्यात क्रियापद शेवटी ठेवण्याची जर्मन रीत मराठी भाषकाला तुलनेने ओळखीची वाटते आणि संभाषणात ती लवकर साधते. बव्हेरियासारख्या प्रदेशात घरात बोलीभाषा ऐकू येते, जी वर्गातील प्रमाण जर्मनपेक्षा बरीच वेगळी असते. अशा वेळी न समजलेले पुन्हा विचारणे आणि आपल्या चुका दुरुस्त करण्याची विनंती यजमानांना करणे, हाच सर्वांत परिणामकारक अभ्यास ठरतो.

पुण्यात किंवा मुंबईत मॅक्स म्युलर भवनाच्या वर्गात व्याकरणाचा पाया घालून निघालेल्या विद्यार्थ्याला या घरात त्या व्याकरणाचा जिवंत वापर भेटतो. भांडी आवरण्यास हात लावणे, बाजारात सोबत जाणे, मुलांशी खेळणे आणि दिवसभरात काय घडले ते मोडक्यातोडक्या वाक्यांत का होईना सांगणे, ही कामे त्याने अभ्यासाचा भाग मानली पाहिजेत. प्रयत्न करूनही घराशी जमत नसेल, तर निवासाची सोय करणाऱ्या संस्थेला वेळीच कळवून घर बदलून मागण्यात कमीपणा नाही. यजमान संधी देऊ शकतात. बोलण्याची जबाबदारी मात्र विद्यार्थ्यालाच उचलावी लागते.