हौदा की डिकी?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर अमलात आले आणि मोठ्या एसयूव्हीवर कर व उपकर मिळून पडणारा पन्नास टक्क्यांचा भार चाळीस टक्क्यांवर उतरला, ही वार्ता वाचकांस एव्हाना पाठ झाली असेल. पण नव्या गाडीची किंमत लाखांच्या हिशेबाने खाली आली म्हणजे तिच्याच जातीच्या चार वर्षे वापरलेल्या गाडीची किंमत जागच्या जागी राहू शकत नाही, हा जो त्या वार्तेचा दुसरा अर्थ, तो ज्यांना नव्या कोऱ्या गाडीची ऐपत कधीच नव्हती त्यांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. कालपर्यंत केवळ रस्त्यावरून जाताना पाहावयाची अशी जुनी फॉर्च्युनर किंवा एन्डेव्हर आता आवाक्याच्या काठावर आली आहे, तिच्याच शेजारी इसुझूची जुनी व्ही-क्रॉस किंवा क्वचित एखादी हायलक्स विक्रीस उभी आहे, आणि स्पिती, झांस्कर किंवा जैसलमेरपलीकडचे वाळवंट डोळ्यांसमोर ठेवून पैसे साठवणारा पुण्या-नाशिकचा प्रवासी पाठीमागे उघडा हौदा असलेली पिकअप घ्यावी की डिकीसह बंदिस्त एसयूव्ही घ्यावी, या संभ्रमात पडला आहे.

या संभ्रमात पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही, की ज्या दोन जातींमध्ये तो निवड करू पाहतो त्या मुळात दोन जातीच नव्हेत. २००४ साली टोयोटाने जो सामायिक सांगाडा जगभर चालविण्याच्या हेतूने पुढे आणला, त्याच एका चेसीच्या कुळात हायलक्स ही पिकअप आणि फॉर्च्युनर ही एसयूव्ही जन्मास आली. फोर्डची एन्डेव्हर ही रेंजर पिकअपच्या सांगाड्यावर, मित्सुबिशीची पजेरो स्पोर्ट ट्रायटनच्या आणि इसुझूची एमयू-एक्स डी-मॅक्सच्या सांगाड्यावर उभी राहिली. बॉनेटखालचे यंत्र, पुढच्या चाकांची रचना, शक्तीचे चारही चाकांत वाटप करणारी पेटी, हे सारे पुष्कळ अंशी सारखे असल्यामुळे ‘अधिक ताकदवान कोण’ हा गॅरेजाबाहेरील चहाच्या टपरीवर रंगणारा वाद निरर्थक ठरतो. खरा भेद चालकाच्या पाठीमागे सुरू होतो, आणि तो वजन कोठे बसते व कशावर बसते एवढ्याचाच आहे.

पिकअपच्या मागच्या आसाखाली पोलादी पाट्यांच्या कमानी असतात. त्या हौद्यात भरलेले ओझे गृहीत धरून घडविलेल्या असल्यामुळे हौदा रिकामा असताना त्या वाकावयास तयार होत नाहीत, आणि कंगोरे पडलेल्या कच्च्या रस्त्यावर गाडीचे मागचे अंग उसळ्या घेत आडवे सरकू लागते. एसयूव्हीत त्याच जागी स्प्रिंगांची वेटोळी असतात, जी प्रवाशांच्या हाडांचा विचार करून निवडलेली असतात आणि दगडधोंड्यांतून जाताना चाकाला अधिक मोकळेपणाने वर-खाली होऊ देतात. लांबीचे पाहू गेल्यास हायलक्स ५,३२५ मिलिमीटर तर फॉर्च्युनर ४,७९५. दोन आसांमधील अंतर हायलक्सचे ३,०८५ तर फॉर्च्युनरचे २,७४५. या अर्ध्या मीटरहून अधिक लांबीची किंमत सोसायटीच्या वाहनतळात मोजावी लागते, घाटातील उलट्या वळणावर दोनदा मागेपुढे होऊन मोजावी लागते, आणि उंचवट्याच्या माथ्यावर पोट टेकून व ओढ्याच्या काठावर मागचा बंपर घासूनही मोजावी लागते. तरीसुद्धा एवढ्यावरून पिकअपला बाद ठरविणे हे घाईचे होईल, कारण हौदा जे देतो ते डिकी देऊ शकत नाही: डिझेलचे कॅन, ओला तंबू, चिखलाने माखलेली फावडी आणि जादा स्टेपनी माणसांच्या श्वासापासून दूर राहतात, आणि मुख्य म्हणजे हे सारे ओझे टपावर न चढता चेसीच्या पातळीजवळ राहते. एसयूव्हीत पाच माणसे बसली की सामान टपावर जाते, टपावर गेलेला प्रत्येक किलो गुरुत्वमध्य वर खेचतो, आणि उताराच्या तिरक्या वाटेवर गाडी कलंडावयाची असेल तर ती याच कारणाने कलंडते.

वजनाच्या या प्रश्नावर ज्याने सर्वांत मूलगामी विचार केला आणि तो प्रत्यक्ष आचरणातही आणला, तो माणूस मोटारींच्या कारखान्यातला नव्हता. राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश सेनेतील अभियंता कैरोच्या छावणीत नेमणुकीस असताना १९२०–३० च्या दशकांत रजेच्या दिवसांत लिबियाच्या वाळवंटात फोर्डच्या साध्या मॉडेल टी आणि मॉडेल ए गाड्या घेऊन शिरू लागला, आणि जेथे उंटांचे तांडेही वळसा घालून जात त्या वाळूच्या समुद्रातून त्याने वाट काढली. त्याच्या गाड्यांस चारही चाकांची शक्ती नव्हती. टायरमधील हवा कमी करून चाकाचा जमिनीला टेकणारा भाग लांबवावा, रुतलेल्या चाकाखाली सरकविण्यासाठी पोलादी पन्हळी पट्ट्या बाळगाव्यात, रेडिएटरमधून उडणारी वाफ नळीने एका डब्यात नेऊन तिचे पाणी पुन्हा वापरावे, आणि या सर्वांच्याही आधी गाडीवरील जे जे अनावश्यक ते ते काढून टाकावे, अशी त्याची पद्धती होती. पुढे याच छंदातून वाळूच्या कणांच्या हालचालीचे शास्त्र त्याने सिद्ध केले, १९४१ साली त्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो आजही त्या विषयाचा आधारग्रंथ मानला जातो, आणि १९४४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

१९४० साली याच बॅगनॉल्डने वाळवंटात शत्रूच्या पिछाडीस दूरवर हिंडणारी जी तुकडी उभारली, तिच्या वाहनांचा इतिहास आजच्या ग्राहकाने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. आरंभी त्या तुकडीने दीड टनी शेव्हरलेट ट्रक घेतले, ज्यांची केवळ मागची चाके ओढीत असत. १९४१ मध्ये त्यांच्या जागी चारही चाकांना शक्ती देणारे फोर्ड ट्रक आले, तेव्हा ते सुधारलेले साधन म्हणून टिकून राहतील असे कोणासही वाटले असते. पण ते जड होते आणि इंधन अधिक पीत, आणि ज्या मोहिमेत प्रत्येक थेंब स्वतःच वाहून न्यावयाचा असतो तेथे अधिक इंधन म्हणजे पुन्हा अधिक वजन हे चक्र अटळ असल्यामुळे, १९४२ च्या आरंभी त्या तुकडीने पुन्हा मागच्या दोन चाकांचे हलके शेव्हरलेट ट्रक पसंत केले. माझ्या मते जुन्या गाडीच्या बाजारात पाऊल ठेवणाऱ्याने अश्वशक्तीचे आकडे वाचण्यापूर्वी ही एक घटना मनात ठेवली, तर त्याचे पुष्कळ पैसे वाचतील. यातून चार चाकांची शक्ती निरुपयोगी आहे असा अर्थ मात्र कोणी काढू नये. आपल्याकडे प्रश्न मोकळ्या वाळूपेक्षा निसरडा चिखल, ओढ्यातील गोटे आणि तीव्र उतार यांचा अधिक असतो, आणि तेथे गाडीला सावकाश, ब्रेकवर भार न टाकता उतरविणारा खालचा गिअर हे खरे संरक्षण आहे. बाजारातील कित्येक फॉर्च्युनर आणि एन्डेव्हर, तसेच २०२१ नंतरच्या काही व्ही-क्रॉसही, दोनच चाकांच्या आहेत, हे जाहिरातीतील छायाचित्रावरून कळत नाही. ते आत बसून चार चाकांची कळ पाहूनच कळते.

तेव्हा माझा कौल मी स्पष्ट देतो. घरची चार-पाच माणसे, त्यांत आईवडील आणि मुले, घेऊन वर्षातून एकदा हिमालयात आणि उरलेले वर्ष गावाकडे व कोकणात जावयाचे असेल, तर जुनी एसयूव्हीच घ्यावी. पिकअपच्या मागच्या बाकाची उभी पाठ आठ तासांच्या प्रवासात वृद्धांस सोसवत नाही, आणि हौद्यातील सामानाची पावसाची व चोरीची चिंता प्रत्येक मुक्कामी सोबत येते. पण जे दोघेच आहेत, ज्यांना महिना-दीड महिना स्वतःच्या तंबूत राहावयाचे आहे, ज्यांच्यापाशी हौदा कायम भरलेला राहील इतके सामान आहे, त्यांनी २०१६ पासून आपल्याकडे मिळू लागलेली व्ही-क्रॉस शोधावी, कारण त्या ओझ्याखाली तिच्या कमानी प्रथमच आपल्या स्वाभाविक स्थितीत येतात आणि गाडी शांत चालू लागते. एन्डेव्हर ही ८०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता असलेली उत्तम गाडी. तथापि फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा दूरच्या तालुक्यात तिचा सुटा भाग मिळेल की नाही हे घेणाऱ्याने आधी आपल्या मिस्त्रीस विचारून घ्यावे. उंचीचा प्रश्न मी येथे फार वाढवीत नाही. १९,०२४ फुटांवरील उमलिंग ला येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असला, तरी टर्बो डिझेल इंजिन, मग ते हौद्यापुढचे असो वा डिकीपुढचे, ते सारख्याच रीतीने सोसते. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत मात्र काजळी अडविणारी गाळणी असते, जी केवळ शहरातल्या शहरात फिरविलेल्या गाडीत तुंबण्याचा संभव फार, ही बाब लक्षात घ्यावी.

गाडी पाहावयास जाताना रंगाकडे पाहू नये, खाली वाकावे. समुद्रकिनाऱ्यावर वाढलेल्या गाडीची चेसी खाऱ्या हवेने आतून पोखरली जाते, आणि पिकअपमध्ये हौद्याच्या खाली, कमानी जेथे टांगल्या जातात त्या जागी, हा गंज सर्वांत उशिरा दिसतो व सर्वांत अधिक घात करतो. डिफरन्शियलच्या तेलाचा बूच उघडून पाहावा. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे, अर्थात गाडी ओढ्यांतून खूप फिरली आहे आणि तेल वेळच्या वेळी बदललेले नाही. आसनांखालील बोल्टांवर गंज आणि गालिच्याखाली रेती आढळली, तर ती गाडी पुरातून आलेली असण्याचा संशय धरावा. खालचा गिअर सैल मातीवर घालून पाहावा, डांबरावर नव्हे, कारण कोरड्या डांबरावर चारही चाके जखडली की शक्तिवाटपाच्या पेटीवर व आसांवर ताण येतो.

आणि कागद. जुन्या पिकअपच्या व्यवहारात जो सर्वांत मोठा धोका असतो तो यंत्रात नसून आरटीओच्या दफ्तरात असतो, असे माझे निश्चित मत आहे. आरसी बुकात वाहनाचा वर्ग खासगी मोटार असा नोंदलेला आहे की मालवाहू, हे प्रथम वाचावे. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे चालते. मालवाहू वाहनास मात्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरसाल पासिंग करून योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, आणि असे वाहन सहकुटुंब सहलीस नेल्यास अपघातानंतर विमा कंपनीस आक्षेप घ्यावयास जागा राहते. चालकाच्या परवान्याची अडचण आता नाही, कारण साडेसात हजार किलोपर्यंतचे वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाच्या निकालाने पक्के केले आहे. बँकेच्या तारणाचा बोजा उतरला आहे ना, हेही त्याच कागदात पाहावे. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर आलेल्या बंदीमुळे तेथील गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांचा ना-हरकत दाखला अस्सल आहे याची खातरजमा करावी, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी येथे ठेवावयाची तर नवी नोंदणी व येथील कर यांचा खर्च किमतीत मिळवूनच सौदा ठरवावा. पूर्वीच्या मालकाने हौद्यावर पोलादी खोली उभारली असेल किंवा पुढे लोखंडी गजांचा बंपर बसविला असेल, तर त्याचा मोह पडू देऊ नये. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार कायद्यास मान्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे, आणि असल्या लोखंडाने बॅगनॉल्डने जे काढून टाकले तेच आपण पुन्हा चढवितो.

वजनाचा हा विचार केवळ आपल्या गाडीपुरता नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलात चंद्रा नदीच्या पात्रातून एक थार हाकली गेली आणि पोलिसांनी चालकास दंड केला, ते चित्र सर्वांनी पाहिले. आपल्याकडील सड्यांवर कातळावरची माती काही बोटे जाडीची असते. पावसाळ्यात तिच्यावरून दोन टनांची गाडी गेली की त्या चाकोरीत पाणी वाहू लागते, माती धुपते आणि तेथे उगवणारी आषाढ-श्रावणातील फुले पुढील कित्येक हंगाम परत येत नाहीत. कच्च्या वाटेवरून प्रवास करणे आणि वाटच नसलेल्या जागी गाडी घालणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि ज्याला हा भेद मान्य नाही त्याने कोणतीच गाडी घेऊ नये असे मला मनापासून वाटते.

निघण्यापूर्वी एक काम उरते, जे फार थोडे लोक करतात. सामान, इंधन, पाणी आणि माणसे यांसह पूर्ण भरलेली गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्यावी, आधी पुढची चाके, मग मागची आणि शेवटी संपूर्ण गाडी असे तीनदा वजन करावे, आणि तो आकडा गाडीवरील निर्मात्याच्या पट्टीवर छापलेल्या कमाल वजनाशी ताडून पाहावा. अधिक भरल्यास पहिल्याने टपावरचे उतरवावे, मग दुसरी स्टेपनी, मग पाण्याचा अर्धा साठा, जो वाटेतल्या गावात पुन्हा भरता येतो. आणि एवढे करूनही मागचा आस मर्यादेपलीकडे राहिला, तर सामान आणखी पुढे, पुढच्या आसनांच्या जवळ सरकवून काट्यावर पुन्हा जावे.