उकडीला रंग आपल्या मळ्यातला



पुणे-पिंपरीपासून लोणावळ्यापर्यंत हल्ली कुठल्याही नाक्यावर मोमोची गाडी दिसते. ॲल्युमिनियमचा उंच डबा, खालून वाफ आणि आत मैद्याच्या पांढऱ्या पुरचुंड्या. कॉलेजची पोरं उभ्या उभ्या खातात, आता घरची मोठी माणसंही मागतात. त्यात लाल, हिरवे, पिवळे असे रंगीत मोमोही आले आहेत. आता तुम्ही म्हणाल, शेतीच्या पानावर मोमो कशाला? तर त्याचे कारण सरळ आहे. पारी करून, आत सारण भरून, वाफेवर शिजवायचा पदार्थ आपल्याला नवा नाही. त्याला लागणारा तांदूळ मावळात पिकतो, आणि रंगही आपल्याच मळ्यात आहे. मग ताटात पडणारा पैसा तेवढा बाहेर का जावा?

पदार्थ परका, पद्धत ओळखीची

चीनमध्ये असे वाफवलेले किंवा उकळलेले पदार्थ फार जुने. त्यांच्या शिंजियांग प्रांतातील तुर्फानजवळच्या अस्ताना येथील थांग राजवटीच्या काळातील थडग्यांत अशा वाळलेल्या पुरचुंड्या सापडल्या आहेत, म्हणजे गोष्ट बाराशे वर्षांच्याही मागची झाली. तिकडच्या घरांत आजही पालकाच्या रसात कणीक भिजवून हिरवी पारी करतात, गाजराच्या रसाची केशरी करतात. तिबेटी लोकांचा मोमो हा याच कुळातला. आपल्या राज्यात गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ साली तिबेटी निर्वासितांची नॉरग्येलिंग वसाहत झाली. म्हणजे मोमो खाणारी माणसे महाराष्ट्राच्या खेड्यात येऊन पन्नास वर्षे उलटली.

आपल्याकडे काय आहे ते बघा. गणपतीला उकडीचे मोदक. कोकण-गोव्यात हळदीच्या पानावरच्या पातोळ्या. उरलेल्या उकडीत मिरची-जिरे घालून केलेल्या निवगऱ्या. आणि घाटावर नागपंचमीला पुरणाचे दिंड, म्हणजे कणकेच्या पारीत पुरण घालून चाळणीवर वाफवलेला पदार्थ. दिंडात पुरणाऐवजी कोबी-गाजर भरा, झाला मोमो. आपल्या बायकांना हे हात शिकवावे लागत नाहीत. शिकायचा आहे तो फक्त रंग, आणि त्याहून जास्त हिशेब.

इंद्रायणीचे पीठ

महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मावळातल्या भात संशोधनातून १९८७ साली इंद्रायणी हा वाण दिला. आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून तो आला. वास आंबेमोहोराचा आणि उत्पन्न त्याहून चांगले, म्हणून पवन मावळ असो की आंदर मावळ, शेतकऱ्याने तो उचलून धरला. इंद्रायणीचा भात मऊ आणि किंचित चिकट होतो. हाच गुण उकडीला हवा असतो.

१०० किलो भात गिरणीत घातले की कणीसकट साधारण ६५ ते ७० किलो तांदूळ हाती येतो. त्यातला अखंड दाणा भाव खातो आणि कणी पडेल त्या दराने जाते. पण पिठाला अखंड दाणा कशाला हवा? ताजी, स्वच्छ, एकाच वाणाची कणी दोन-तीन पाण्यांतून धुवा, सावलीत कापडावर पूर्ण वाळवा, बारीक दळा आणि वस्त्रगाळ करा. ओलसर राहिली तर पिठाला आंबूस वास येतो, हे लक्षात ठेवा. जुन्या तांदळाचे पीठ कोरडे पडते, पारीला चिरा जातात. नव्या तांदळाचे पीठ लवकर मिळून येते.

रंगाचे स्वभाव

इथेच खरी गोम आहे. बीट किसले, रस घातला, मोदक वाफवला आणि झाकण काढले तर गुलाबीच्या जागी मातकट रंग, असे अनेकींचे होते. मग दुकानातली रंगाची पुडी आठवते. तसे होऊ नये म्हणून प्रत्येक रंगाचा स्वभाव माहीत हवा.

बीट : याचा रंग उष्णतेला भितो. जितके जास्त शिजवाल तितका उडतो. थोड्या आंबटात मात्र तो टिकतो, म्हणून रसात लिंबाचे चार थेंब टाका. सोडा अजिबात नको, त्याने रंग पिवळट पडतो. लाल माठाचा रंग याच जातीचा आहे, त्यालाही हेच नियम.

पालक : याचे बरोबर उलटे. आंबट लागले की हिरवा रंग शेवाळी होतो. म्हणून लिंबू नको. पाने उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच गार पाण्यात टाका, मग वाटून गाळा. रंग हिरवागार राहावा म्हणून काहीजण चिमूटभर सोडा टाकतात. त्याने रंग राहतो, पण जीवनसत्त्वे जातात. तो मोह टाळा.

हळद : वाफेला दाद देत नाही. पण सोडा किंवा चुना लागला की लाल होते. जुन्या पद्धतीचे कुंकू हळदीपासून असेच करीत. वाटीभर पिठाला चिमूटभरच पुरे, नाहीतर कडवट लागते.

गाजर : रंग पक्का, आणि तो तुपा-तेलात उतरतो. गाजर उकडून वाटा आणि चमचाभर तुपावर परतून मग वापरा. गावठी लाल गाजरापेक्षा केशरी गाजराचा रंग पारीवर स्वच्छ दिसतो.

गोकर्ण : कुंपणावरच्या निळ्या फुलांचा रंग गरम पाण्यात उतरतो. त्यात लिंबू पिळले की जांभळा होतो. घरी मुलांना गंमत म्हणून करून दाखवा.

उकड काढताना

१ वाटी पिठाला १ वाटी पाणी हे सर्वसाधारण माप. पीठ जुने असेल तर पाणी थोडे वाढते. पाण्यात चवीला मीठ आणि चमचाभर तूप घालून उकळी आणा. पीठ एकदम घालून उलथन्याच्या दांड्याने हलवा, झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटे वाफ येऊ द्या, मग उतरवून पाच मिनिटे झाकूनच ठेवा. गव्हाच्या पिठात चिकटपणा अंगचाच असतो, तांदळात तो नसतो. उकळत्या पाण्याने पीठ अर्धे शिजते तेव्हाच ते मिळून येते. गार पाण्यात भिजवलेल्या तांदळाच्या पिठाची पारी वळतच नाही, त्याचे कारण हे.

आता रंग कधी घालायचा? हळद आणि गाजर उकळत्या पाण्यातच घाला, ते टिकतात. गाजराचा गोळा घातला तर तेवढे पाणी कमी धरा. बीट, माठ आणि पालक मात्र उकळीत घालू नका. उकड पांढरीच काढा, त्यातही पाणी दोन-तीन चमचे कमी ठेवा. मग गरम उकड मळताना पाण्याचा हात लावायच्या जागी दाट रसाचा हात लावा. असे केल्याने रंगाला एकदाच, वाफवताना, उष्णता बसते. रस जितका दाट तितका कमी लागतो आणि बिटाचा मातीसारखा वासही येत नाही.

उकड गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने लोण्यासारखी मऊ मळा. गोळा ओल्या फडक्याखाली ठेवा. पारीची कड पातळ आणि मध्य किंचित जाड ठेवा, म्हणजे सारण फुटून येत नाही. १ वाटी पिठात मध्यम आकाराचे आठ ते दहा नग होतात. दोन रंगांच्या उकडी शेजारी शेजारी ठेवून पारी केली तर कळ्या वेगळ्या रंगाच्या दिसतात.

चाळणीला तेल लावा किंवा हळदीचे, केळीचे पान घाला. प्रत्येक नग वाफवण्याआधी गार पाण्यात बुडवून ठेवा, पारी तडकत नाही. झाकणाला आतून फडके बांधा, नाहीतर वाफेचे पाणी टपकून रंगावर डाग पडतात. पाणी आधी उकळू द्या, मग चाळणी ठेवा. १० ते १२ मिनिटे पुरे. गप्पांच्या नादात वीस मिनिटे झाली की बीट गेलेच समजा.

गोड सारणाला ओले खोबरे आणि गूळ आहेच. तिखटाला बारीक चिरलेला कोबी, गाजर, कांदा, मटार, आले, लसूण, मिरची. कोबीला मीठ लावून दहा मिनिटे ठेवा आणि पिळून पाणी काढा. सारणात पाणी राहिले तर पारी खालून फाटते.

मोमोसारखी कणकेची पारी हवी असेल तर काम आणखी सोपे. पीठ थेट रसातच घट्ट भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा, पातळ लाटा आणि आठ-दहा मिनिटे वाफवा. मळताना उष्णता नसल्याने रंग चांगला उतरतो. मात्र गव्हाच्या कणकेचा मूळ रंग तपकिरी असतो, त्यावर बीट आणि पालकच उठून दिसतात.

लागवड कधी, विक्री कधी

यासाठी एकरभर लागवड लागत नाही. परसातला एक गुंठा एका गटाला पुरतो. पालक ३० ते ४० दिवसांत कापणीला येतो, बीट ६० ते ७० दिवसांत, गाजर साधारण तीन महिन्यांत. भात निघाल्यावर कार्तिकात वाफे करा. पालक आणि बीट दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे लावा, म्हणजे एकदम निघून पडून राहणार नाही.

गणेशोत्सव भर पावसात येतो. त्या वेळी मावळात पालक सडतो आणि बीट बाजारातून आणावे लागते. तेव्हा हळद आणि माठावर भागवा. वाफवायला हळदीची पानेही तेव्हाच हिरवी असतात. आपला खरा हंगाम मार्गशीर्ष ते माघ. नवा तांदूळ घरात असतो आणि वाफ्यात बीट-गाजर. मार्गशीर्षात चिंचवडला मोरया गोसावींचा समाधी उत्सव, माघात गणेश जयंती, घाटाखाली महडला वरदविनायकाची गर्दी. शिवाय दर महिन्याची संकष्टी आहे. शिरगावला तर जत्रेची वाट बघायची गरज नाही. प्रतिशिर्डी म्हणून लोक येतात, गुरुवारी तर रीघच. आठवड्याचा एक दिवस ठरलेला असला की किती पीठ दळायचे याचा अंदाज बांधता येतो.

रंगाची पुडी का नको

मेटॅनिल यलो आणि ऱ्होडामाइन-बी या रंगांना खाण्यात परवानगीच नाही. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने कापूस मिठाई आणि गोबी मंचुरियनमधल्या अशा रंगांवर बंदी घातली, त्याआधी फेब्रुवारीत तामिळनाडूने कापूस मिठाईवर. परवानगी असलेले कृत्रिम रंगही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक मर्यादेतच चालतात. गाडीवर चमच्याने मापणारा माणूस ती मर्यादा कशी पाळणार? आपला मोदक थोडा फिका दिसला तरी चालेल. तो फिका का आहे, हे गिऱ्हाइकाला सांगा. बीट आणि पालक समोर टोपलीत ठेवा. तीच तुमची पाटी.

दुसरी गोष्ट शिळ्याची. शिजवलेला तांदूळ कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की त्यात जंतू वाढतात, आणि त्यांचे विष पुन्हा तापवूनही जात नाही. ओले खोबरेही लवकर आंबते. माल ६० अंशांच्या वर वाफेवरच गरम ठेवा, नाहीतर लागेल तसा ताजा काढा. सकाळचा नग संध्याकाळी विकू नका. वर्तमानपत्रात बांधून देऊ नका, शाई अन्नाला लागते. केळीचे पान किंवा पत्रावळ वापरा.

हिशेब आणि पंचायतीचे काम

बचत गटांच्या हिशेबात एक खाच नेहमी दिसते. तांदूळ घरचा, गूळ घरचा आणि मेहनत आपलीच, म्हणून ती रक्कम लिहिलीच जात नाही. मग विक्रीचे सगळे पैसे नफा वाटतात, आणि चार महिन्यांत बाया दमून काम सोडतात. घरच्या कणीचाही बाजारभाव लिहा. दळणावळ, गॅस, पाने, गाडीभाडे, उरलेला माल आणि प्रत्येकीची मजुरी लिहा. त्या बेरजेला विकल्या गेलेल्या नगांनी भागा, केलेल्या नव्हे. जो आकडा येईल त्याखाली भाव लावू नका.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक विनंती. देवळाच्या वाटेवर गावच्या गटाला सावलीची जागा, नळाचे शुद्ध पाणी आणि सांडपाण्याची सोय एवढे करून द्या. विक्री सुरू करण्यापूर्वी अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी मात्र करायलाच हवी. ते अर्ज ग्रामपंचायत कार्यालयातून भरून दिले तर बायकांची पुण्याची खेप वाचेल. बियाणे आणि परसबागेच्या सल्ल्यासाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालयाशी संपर्क साधावा.

सुरुवात मोठी करू नका. येत्या संकष्टीला घरच्यापुरती एक वाटी पीठ घ्या आणि चार रंग करून बघा. वाफवण्याची मिनिटे घड्याळ लावून वहीत लिहा. रंग हातात बसला की मग गुरुवारचा विचार करा.