विडीचा ब्रँड : पानापासून पाकिटापर्यंत

पान : गोंदिया जिल्ह्यातील जंगलात तेंदूपत्त्याची तोडणी एप्रिल-मेमध्ये होते. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा, १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी.

तंबाखू : विडीच्या तंबाखूसाठी गुजरातचा चरोतर आणि सीमाभागातील निपाणी हे पट्टे नावाजलेले.

मजुरी : हजार विड्यांच्या हिशेबाने. विडी आणि सिगार कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६६ चा एकच कायदा होता.

हक्क : वनहक्क कायदा, २००६ नुसार तेंदूपत्ता हे गौण वनोपज, त्यावर वननिवासींची मालकी.

विक्री : २००३ च्या कायद्याने प्रसारमाध्यमांतील जाहिरातींना बंदी. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर आरोग्याचा इशारा सक्तीचा.

लक्षात ठेवा : पानात गुंडाळली म्हणून विडी निरुपद्रवी ठरत नाही; तिच्या धुरानेही कर्करोग होतो.