वकील संघटना म्हणजे काय? मोरवाडी ते नेहरूनगर, पिंपरी न्यायालयाची वाटचाल

रहाटणी : भाऊबंदकीतला वाटणीचा दावा असो नाहीतर चेक बाऊन्सची केस, वकीलपत्रावर सही केली की गाठ पडते ती काळ्या कोटाशी. या काळ्या कोटांची शहरातली संघटना म्हणजे पिंपरी-चिंचवड ॲडव्होकेट्स बार असोसिएशन. तिचं काम पक्षकाराच्या खिशाशी आणि वेळेशी थेट जोडलेलं आहे.

पिंपरीत न्यायालय आलं १९८९ मध्ये, मोरवाडीत. मात्र ते खालच्या पातळीचं. किरकोळ फौजदारी खटले आणि कमी रकमेचे दिवाणी दावे तिथं चालत. दाव्याची किंमत पाच लाखांच्या वर गेली की वरिष्ठ स्तर न्यायालय, म्हणजे पुण्यात शिवाजीनगर. खून, दरोडा असे सत्र खटले, अपिलं, तीही शिवाजीनगरलाच. रहाटणी, काळेवाडीच्या माणसानं सकाळचं काम टाकून तिकडं जायचं, दुपारपर्यंत बाकड्यावर बसायचं आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. त्या दिवसाचा रोज बुडाला तो वेगळाच.

वरची न्यायालयं शहरातच द्या, ही इथल्या वकिलांची वर्षानुवर्षांची मागणी. मोरवाडीची जागा अपुरी पडल्यावर कामकाज नेहरूनगरला गेलं. वरिष्ठ स्तर आणि सत्र न्यायालयही शहरात आलं. कायमच्या संकुलासाठी जागा मोशीत आहे.

अशा मागण्यांना किती काळ लागतो, ते खंडपीठावरून कळतं. १९७८ मध्ये औरंगाबाद आणि पुणे या दोन्ही ठिकाणी उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची मागणी पुढे आली. औरंगाबादला १९८१ मध्ये मिळालं. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी अनेक वर्षं लढून कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच मिळवलं. पुणेकर अजून मुंबईलाच जातात.

आंदोलनाची दुसरी बाजूही आहे. वकिलांनी काम बंद ठेवलं की पक्षकाराला मिळते ती तारीखच. वकिलांना संपाचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये हरीश उप्पल खटल्यात सांगितलं. तरी राज्यात कामबंद अधूनमधून होतंच.

इथं एक गोष्ट पुष्कळांची चुकते. संघटना सनद देत नाही आणि काढूनही घेत नाही. ते काम १९६१ च्या वकील कायद्यानुसार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचं. वकिलानं पैसे घेऊन काम केलं नाही, कागद अडवून ठेवले, तर लेखी तक्रार तिकडं करायची. संघटनेच्या अध्यक्षांना सांगून समज देता येते, कारवाई होत नाही.

वकील परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडं अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.