हातानं लिहिल्यासारखं

कोजागरीचं निमंत्रण असो की बारशाचं, व्हॉट्सॲपवर येणाऱ्या बऱ्याच कार्डांवर हल्ली हस्ताक्षरासारखा फॉन्ट असतो. त्यातला ‘कलम’ तुम्ही पाहिला असेल, नाव माहीत नसलं तरी. इंडियन टाइप फाउंड्रीनं तो २०१४ मध्ये आणला. बॉलपेननं भरभर लिहावीत तशी किंचित उजवीकडे कललेली अक्षरं, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत. परवाना मुक्त आहे. गूगल फॉन्ट्सवरून उतरवून घ्या, पत्रिका छापा, पैसे लागत नाहीत.

अशा फॉन्टची थट्टाही होते. कॉमिक सान्सचंच बघा. मायक्रोसॉफ्टच्या व्हिन्सेंट कॉनेअरनं तो १९९४ मध्ये केला, कारण पडद्यावरचा कार्टून कुत्रा टाइम्स न्यू रोमनसारख्या गंभीर अक्षरांत बोलत होता आणि ते त्याला खटकलं. पुढे लोकांनी तो कुठेही वापरला. २०१२ मध्ये सर्नमधल्या हिग्ज बोसॉनच्या सादरीकरणातही तोच होता! माझ्या मते असा फॉन्ट म्हणजे बोलण्याचा आवाज. भेटकार्ड, मुलांची चित्रकथा, निमंत्रणातली आग्रहाची एक ओळ इथे तो शोभतो. हिशेबपत्रक आणि श्रद्धांजलीत नको.

आमच्या घरी सध्या आजीची पाककृतींची वही टाइप करणं चालू आहे. पदार्थांची नावं आणि तिनं समासात लिहिलेल्या टिपा ‘कलम’मध्ये, प्रमाण आणि कृती साध्या सरळ फॉन्टमध्ये. तिरक्या अक्षरांतला लांब मजकूर मोबाईलवर वाचवत नाही.

वही चाळताना माझ्या मुलीनं विचारलं, “बाबा, पणजीनं ल असा का काढलाय?” ती इंदूरच्या शाळेत हिंदी वळणाचा ल शिकली, आजीचा ल पाकळीचा, मराठी. श चंही तसंच. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांच्या ल ला क्रमांक एकच आहे, त्यामुळे कोणता दिसणार ते फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टमध्ये दोन्ही आकार भरलेले असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की आपला ल येतो. हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगतोय. छापील वळणाच्या अक्षरांत हिंदी ल खपून जातो. आजीच्या टिपेत, हातानं लिहिल्यासारख्या अक्षरांत तो आला, की टीप दुसऱ्याच कुणाची तरी वाटते.

अजून एक. जुन्या डीटीपीच्या काळातले बरेच सुंदर फॉन्ट युनिकोड नाहीत. त्यांत टाइप केलेली ‘लसणाची चटणी’ दुसऱ्या मोबाईलवर भलतीच चिन्हं होऊन उघडते, आणि शोधली तर सापडतही नाही. नातवंडांपर्यंत पोचवायचा मजकूर त्यांत ठेवू नका.

फॉन्ट निवडण्याआधी मी एकच ओळ टाइप करून बघतो: ‘कऱ्हाडच्या दुसऱ्या काकूंकडे शिल्लक तिळाच्या वड्या’. त्यात ‘ऱ्या’ तुटला किंवा ल परका दिसला, की पुढचा फॉन्ट.