मलकापूरची छावणी आणि १८०३ चे युद्ध

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाची कारणे हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्यास नवा नाही. वसईचा तह, वेलस्लीचे धोरण, मराठ्यांतील दुही, अशी कलमे पाठ केली की काम भागते. पण युद्धापूर्वीची शेवटची बोलणी जेथे फिसकटली, ती छावणी आपल्या जिल्ह्यात मलकापूरजवळ होती, हे त्या कलमांत कोठेच येत नाही.

त्या काळी जगात इंग्लंड व फ्रान्स या दोन महासत्ता एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या. १७९८ साली नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला आणि गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली यास प्रत्येक दरबारात फ्रेंच दिसू लागले. निजामाच्या पदरची फ्रेंच पलटण त्याने त्याच वर्षी मोडविली. १७९९ साली टिपू पडला. उरले दौलतराव शिंदे. त्यांची कवायती फौज पेराँ या फ्रेंच सरदाराच्या हाती होती. वेलस्लीची भीती अगदीच खोटी नव्हती, पण ती फुगविलेली होती असे माझे मत आहे. युद्ध लागताच पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला. असईला शिंद्यांच्या पलटणींचा म्होरक्या पोलमन हा तर हॅनोव्हरचा जर्मन; आणि हॅनोव्हरचा अधिपती खुद्द इंग्लंडचा राजा!

मग युद्ध का झाले? नाना फडणवीस १८०० साली वारले आणि शिंदे-होळकरांच्या वैरास आवर घालणारा कोणी उरला नाही. १८०१ मध्ये बाजीरावाने विठोजी होळकरास हत्तीच्या पायी दिले. त्याचा भाऊ यशवंतराव याने २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला पेशवे-शिंद्यांचा पराभव केला. बाजीराव पळाला तो इंग्रजांकडे. ३१ डिसेंबरच्या वसईच्या तहाने त्याने कंपनीची किमान सहा हजार फौज पदरी घेतली, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला आणि इंग्रजांच्या शत्रुराष्ट्राचा कोणी युरोपीय चाकरीस न ठेवण्याचे कबूल केले. घरचे भांडण आणि युरोपातले भांडण येथे एकाच कागदावर आले.

आपल्या वऱ्हाडाची स्थिती तर आणखी चमत्कारिक होती. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर येथे निजामाचा अंमल बसला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी महसुलात हिस्सा मिळविला. यास दोअमली म्हणत. मी घरी हे सांगितले तेव्हा शाळेचे तोंड न पाहिलेले माझे वडील पटकन म्हणाले, "मंग सारा दोघायलेबी द्या लागे?" मला वाटते, त्यांनी प्रश्नाच्या मुळाशीच हात घातला. १८०३ साली या दोन धन्यांपैकी निजाम इंग्रजांच्या बाजूला होता आणि भोसले विरुद्ध. म्हणजे घाटाखालचा शेतकरी एकाच वेळी दोन्ही पक्षांची रयत होता.

शिंदे व भोसले निजामाच्या सरहद्दीवर तळ देऊन बसले होते. होळकराने आपल्याला मिळावे अशी त्यांची खटपट होती. तो आला नाही. गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली याची मागणी अशी की, शिंद्यांनी नर्मदेपार व भोसल्यांनी नागपुरास जावे, मग मी फौज हटवीन. त्यांचे म्हणणे, तुमची फौज आधी परत जाऊ द्या, आम्ही बऱ्हाणपुरास जातो. आधी कोणी हलायचे एवढ्यावर बोलणी अडली. ३ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्रज वकील कर्नल कॉलिन्स छावणी सोडून निघाला. नऊ दिवसांत अहमदनगरचा किल्ला पडला. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव.

१७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला आणि तो इंग्रजांच्या दोस्ताला, निजामाला, मिळाला. दोअमली संपली. पण त्याच सुमारास वऱ्हाडात भयंकर दुष्काळ पडला होता, आणि नव्या एकट्या धन्यास सारा भरण्याजोगे शेतात काही उरले नव्हते.